पाच फेजची मोटार

तीन फेजच्या मोटारीचं काय घेऊन बसलात, आमच्या मामानं झरी गावात पाच फेजची भरली होती!

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी एम. ई. करत होतो. विजेचे बारीक तुकडे पाडायचे, त्यांची रुंदी कमी-जास्त करायची आणि पाच फेजची मोटार हव्या त्या वेगानं पळवायची, असा माझा प्रोजेक्ट. पण तसली मोटार बाजारात मिळेना. मामा जळक्या मोटारींत नव्यानं तांब्याची तार गुंडाळून त्या भरून द्यायचा, म्हणून त्याला गाठलं.

वाइंडिंगचा नकाशा बघून तो म्हणाला, "इथं तीन फेज धड येईनात, तू पाच कुठून आणायलायस?"

तरी आठ दिवस खपून त्यानं ती भरली आणि परीक्षेला माझ्यासोबत कॉलेजातही आला.

बाहेरून आलेल्या परीक्षक साहेबांसमोर मी मोटार चालू केली. मस्त पळायला लागली, आणि एवढ्यात एक वायर ठिणगी उडवत निसटली.

"बंद कर, जळंल!" मामा ओरडला.

पण मोटार जराशी घरघरली आणि पळतच राहिली! उरलेल्या चार फेजांनी तिला सांभाळलं होतं.

साहेब खूश. "एक फेज मुद्दाम तोडून दाखवलात?"

मी हो म्हणणार, तोच मामा हात जोडून म्हणाला, "न्हाई साहेब. त्या वायरीचा नट माझ्याच हातून ढिला राहिला."

साहेब पोट धरून हसले. "मग मार्क कुणाला देऊ?"

"भाच्याला द्या," मामा म्हणाला, "मला नुस्ता चहा चालंल."