आवाज न करणारा पंखा

गुलमंडीजवळच्या पंख्यांच्या दुकानात आम्ही चौघं होतो: दुकानदार, मी, आणि नव्या पंख्याचं खोकं घेऊन आलेले सांडूभाऊ व त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई.

"हा पंखा वापस घ्या, भाऊ."

"का हो मावशी, बिघडला?"

"नाय, लई चांगला हाय. वारं भारी, वीज कमी. पण आवाजच करत नाय."

"अहो, तोच तर त्याचा गुण!"

"कसला गुण? जुन्या टेबल फॅनच्या आवाजाबिगर ह्यांना झोप येईना. शेंद्र्याच्या कारखान्यात मशीनवर काम हाय ह्यांचं. परवा तिथं डुलकी लागली, बोटं जाता जाता वाचली."

"सांडूभाऊ, जुन्या टेबल फॅनमध्ये असं काय होतं?" मी विचारलं.

"घरघर. वीस वर्षं तिच्यावरच झोपलो."

"मग आता?"

"आता वाऱ्यासाठी नवा चालतो अन् ह्यांच्या कानासाठी जुना."

"दोन्ही?"

"व्हय. मग वीज वाचली कुठं? जुन्याचं तोंड भिंतीकडं करून ठेवलंय, गारठा नको म्हणून."

"मोबाईलवर घरघर लावा की, मावशी."

"लावली. ह्यांना कळतं, खोटी हाय ते."

"कळणारच. मोबाईल मधीच दम खातो."

"बरं, हा लोखंडी कुलर ऐका. जरा खडखडतो."

दुकानदारानं बटण दाबलं.

"कसा वाटतो, सांडूभाऊ? अहो सांडूभाऊ?"

"उठवू नका त्यांना. वीज किती खातो हा?"

दुकानदारानं मीटर लावलं. पंखा अठ्ठावीस वॅट, कुलर एकशे नव्वद.