पहिल्या फळीला फी माफ

सिडनीतल्या आमच्या रग्बी क्लबात फी भरायच्या रांगेत माझ्यापुढे मेले नावाची बाई होती, सोबत तिचा काडीसारखा नवरा. टेबलामागे खजिनदार डेस्मंड.

"यांचे चारशे डॉलर झाले, मेलेताई."

"त्या फिनिगनकडून छदामही घेतला नाहीत."

"तो सव्वाशे किलोचा आहे. स्क्रममध्ये पहिल्या फळीत रेटा द्यायला माणसं मिळत नाहीत, म्हणून त्यांना फी माफ."

"हेही भरतील अंगानं."

"कधी?"

"नऊ वर्षं खाऊ घालतेय."

"मग चारशेच."

"बायकांच्या संघात पहिल्या फळीत कोण आहे?"

"कुणीच नाही. म्हणून तर संघ उतरवता येत नाही."

"मी एकशे दहा किलो आहे."

"तुम्हाला फी माफ, ताई. पण यांचे चारशे..."

"मग राहू दे तुमचा बायकांचा संघ."

"थांबा. तुमच्या बुटांचा नंबर सांगा."