सहाशे शब्दांत स्वतःबद्दल

— नाही हो ताई, मी कसली मानसशास्त्रज्ञ! मी लिफ्टच्या हेल्पलाइनवरची बाई. ऑपरेटर सात. तुम्ही ते लाल बटण दाबलंत ना, ते माझ्या कानात वाजतं. मेकॅनिक निघालाय, पंधरा मिनिटं म्हणाला, म्हणजे वीस धरा. तोवर तुम्ही खाली बसा बघू, पाठ भिंतीला टेकवून. हवा भरपूर आहे, वर फट असते, लिफ्ट म्हणजे काही झाकणाचा डबा नाही. फक्त दार ओढायचं नाही. — बसलात? छान. पण तुम्ही आपणहून विचारलंत म्हणून सांगते, मानसशास्त्रज्ञ नसले तरी व्हायचं मनात आहे. हसू नका. बरं, हसा, हसलं की श्वास आपोआप खाली बसतो — हे मी बारा वर्षांत इथेच शिकले, पुस्तकात आहे की नाही देव जाणे. वय चव्वेचाळीस आणि एम. ए.ला अर्ज. वर्गात शिरले तर पोरं उठून उभी राहतील, बाई आल्या म्हणून.

अर्जाचं बाकी सगळं झालं होतं, फोटो, सह्या, मार्कांचा कागद — तो घडीवर फाटलेला, पण आहे. एकच गोष्ट अडली. स्वतःबद्दल लिहा म्हणतात, सहाशे शब्द, हा विषय तुम्हाला का शिकायचाय. आता सहाशे शब्द माझे एका कॉलला जातात, वाटलं तासाभराचं काम. तीन आठवडे गेले, ताई. पहिलं वाक्य काय लिहिलं असेल? 'लहानपणापासून मला मानवी मनाचं विलक्षण कुतूहल होतं.' साफ खोटं. लहानपणी मला बसमध्ये कंडक्टर व्हायचं होतं, तो तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातात मिळावा म्हणून. भाचीला दाखवलं, ती कॉलेजात आहे, तिला यातलं कळतं. म्हणाली, मावशी, हे मिक्सरबरोबर येणाऱ्या पुस्तिकेसारखं वाटतंय. मग आकडे घातले — बारा वर्षं, इतके हजार कॉल, एकही तक्रार नाही. म्हणाली, आता पगारवाढीचा अर्ज वाटतोय. शेवटी तिनेच गुपित सांगितलं, की यात एखादी जखम लागते, सगळे आपापली जखम लिहितात. झालं. मी जखम शोधायला लागले, चष्मा शोधावा तशी, घरभर. आईला फोन करून विचारलं, माझं लहानपण दुःखाचं होतं का गं? आई तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी फोन करून म्हणाली, तुला गोवर आला होता, तो लिही.

— आवाज झाला? काही नाही, वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबत असेल. दाबू दे त्याला. — मग काय, मिळाली ना जखम. फक्त मला झालेली नव्हती, मी केलेली होती. तीच तर पंचाईत.

म्हणजे असं — नवरा माझा प्रूफं तपासतो, छापखान्यात. पुस्तक छापायच्या आधी चुका शोधायच्या. शांत माणूस. आणि मी दिवसभर अनोळखी लोकांशी मधाळ बोलायचे, आणि घरी गेले की हेडफोनबरोबर कानही काढून ठेवायचे. तो काही सांगायला आला की मी हात वर करायचे, असा — तुम्हाला कुठे दिसतोय — चौकातला पोलीस करतो तसा. आत्ता नको, दिवसभर ऐकून आलेय. तो थांबायचा बिचारा. किती वर्षं? अहो, मोजली नाहीत, तेवढं बरं.

दोन वर्षांपूर्वी भर दुपारी असाच एक कॉल आला. शहराच्या पार दुसऱ्या टोकाची ऑफिसांची इमारत, आत एकटा पुरुष. मी नेहमीचं सुरू केलं, घाबरू नका साहेब, खाली बसा, मेकॅनिक पाठवते. लिफ्टच्या माइकमधून सगळ्यांचे आवाज सारखेच येतात, पत्र्यातून आल्यासारखे. पण दुसऱ्याच वाक्याला तो म्हणाला, तसा मी ठीक आहे — आणि 'तसा' म्हणताना किंचित अडखळला. लग्नाला तेव्हा सतरा वर्षं झाली होती. ते अडखळणं मला पाठ होतं.

मी काय केलं? काही नाही. कॉल रेकॉर्ड होतात, पाठीमागे सुपरवायझर उभी होती, म्हणून ओळख दिली नाही — असं मी स्वतःला सांगते. खरं कारण निराळं. ओळख दिली तर तो बोलायचा थांबेल, याची भीती वाटली. माझ्याशी बोलायचं म्हटलं की थांबायची सवयच लावली होती ना मी त्याला. मग मी साहेब म्हणत राहिले आणि तो मॅडम म्हणत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मला मॅडम म्हणाला. सांगत होता, की नोकरी जाऊन चार महिने झाले, घरी बोललो नाही, रोज डबा घेऊन निघतो, या इमारतीत खाली वाचनालय आहे तिथे बसतो, पाच वाजले की उठतो. मी विचारलं, घरी का नाही सांगितलंत, साहेब? — अगदी ट्रेनिंगमध्ये शिकवतात त्या आवाजात, ताई, लाज वाटते आता.

तो म्हणाला, "ती दमून येते."

एवढंच. टोमणा नाही, तक्रार नाही. अठरा मिनिटं बोलला. झोप लागत नाही म्हणाला, छापलेली पाटी दिसली तरी चुका दिसतात म्हणाला, आणि मी हूं हूं करत सगळं ऐकलं, जे माझ्या स्वयंपाकघरात कधी ऐकलं नव्हतं. कॉल बंद केला त्याने, पाठोपाठ मेकॅनिकने कळवलं, लिफ्ट उत्तम चालू आहे, आत कोणी नाही. मग मी कॉम्प्युटरवर त्या लिफ्टची नोंद काढली. त्याच आठवड्यात तिथून आणखी तीन कॉल. तिन्ही दुसऱ्या मुलींनी उचललेले, आणि उचलल्या उचलल्या बंद झालेले. एका पाळीला आम्ही चौघीजणी बसतो इथे. कळलं ना, काय म्हणते ते?

घरी? घरी कसलं काय. संध्याकाळी आला, डबा मोरीत ठेवला, मी भाजी चिरत होते, दोन फुटांवर उभे होतो आणि दोघंही मुके. दुसऱ्या दिवशी मी डबा भरलाच नाही. तोही चपला घालायला गेला नाही. मी रजा टाकली, दोघं घरीच जेवलो. आठवड्याने त्याने सांगितलं, नोकरी गेली — जशी काही ताजी बातमी — आणि मी 'अरे, कधी?' म्हणाले, सिनेमात घेतील मला. पुढे दुसऱ्या छापखान्यात लागला. तो हात वर करायचा मी सोडला, म्हणजे बऱ्यापैकी सोडला. पण त्या दिवशी मी ओळखलं होतं हे त्याला कळलंय का, ते मी विचारलं नाही. त्यानेही काही काढलं नाही.

मग पाचव्या खेपेला तेच लिहून काढलं. नवरा म्हणून नाही हं, लबाडी केलीच. लिहिलं, एक पुरुष ग्राहक, वय पन्नासच्या आसपास. आणि खाली लिहिलं, की अनोळखी माणसाचं ऐकणं मला जमतं, ओळखीच्या माणसाचं ऐकायला शिकायचंय. भाची वाचून म्हणाली, मावशी, शुद्धलेखन तेवढं काकांकडून तपासून घे. — तेच तर! तिला काय माहीत. परवा सकाळी कागद टेबलावर राहिला आणि मी कामावर आले. मुद्दाम ठेवला की विसरला, ते विचारू नका, मलाच ठाऊक नाही. संध्याकाळी गेले तर कागद तिथेच, लाल पेनाने तपासलेला. तीन वेलांट्या, एक अनुस्वार. आणि 'पन्नासच्या आसपास' यावर बारीकशी रेघ मारून बाजूला समासात लिहिलेलं — 'पंचेचाळीस'.

दुसरं अक्षर नाही. आतल्या खोलीत बसून शर्टाचं तुटलेलं बटण लावत होता.

— नाही हो, रडतेय कुठे, इथला एसी फार गार असतो. तुम्हाला धीर द्यायचा सोडून मीच आपली — हो, पाठवला. आज सकाळी. पंचेचाळीस करून. — टकटक झाली? तोच. उठा, सावकाश. लिफ्ट मजल्याच्या जरा खाली थांबली असेल, उडी मारायची नाही, त्याचा हात धरा. निघालात? ताई, हे मघाचं सगळं रेकॉर्ड झालं असणार, सुपरवायझर ऐकेल — ऐकू दे. जा तुम्ही. मी ठेवते, दुसरी लाइन वाजतेय.