आखाजीच्या आधी

बाळाच्या लशीसाठी डिंपल धुळ्याच्या दवाखान्यात बसली होती. पलीकडे, कोरोनाच्या भरतीच्या खिडकीपाशी, साक्रीकडच्या सुनंदाबाई आणि त्यांचा मुलगा नीलेश यांची जुंपली होती. डिंपलचे कान तिकडेच होते.

“आई, घरी चल. परवा आखाजी. चारू माहेरी येईल, तिला झोका कोण बांधणार?”

“तू बांध. हात आहेत ना तुला?”

“सण होऊ दे, मग येऊ.”

“तुझे आबाही हेच म्हणाले होते. कापसाची पहिली वेचणी होऊ दे, मग जाऊ. नवव्या दिवशी आणलं त्यांना.”

“आणि दवाखान्यातच गेले ना?”

“उशिरा आणलं म्हणून गेले. आज माझा चौथा दिवस आहे.”

“तुला नुसता खोकला आहे.”

“चुलीपासून ओट्यापर्यंत जाताना दम लागतो. बोटाच्या यंत्रात एक्क्याण्णव आलं. आणखी किती उतरू देऊ?”

“लोक काय म्हणतील?”

“म्हणू दे. त्यांना दम लागत नाही.”

खिडकी उघडली.

“अक्का, सोबत कोण?”

“एकटी असले तर घेणार नाही का?”

“घेऊ की.”

“मग लिहा, एकटी.”

“एकटी नका लिहू,” नीलेश मागून म्हणाला. “सही कुठं करू?”