हौसाबाईची खानावळ

"जेवलास का रं?"

कीर्तनाला जमलेली मंडळी, ऐका! लहानपणी कानावर पडलेला असा एक आवाज तुमच्याकडं कुठंतरी शिल्लक असेल. आईचा, आत्याचा, नाहीतर शेजारणीचा. केस जातात, दात जातात, आवाज जात नाही! तर आजचा प्रश्न एवढाच: त्या आवाजानं वाढलेल्या ताटाची पावती करता येते का? हसता काय? आणि केलीच, तर तिच्यावर सही कुणाची?

टाळ जरा हळू घ्या, टाळकरी. गडी डोंगर चढतोय.

गड्याचं नाव निवृत्ती लोखंडे. पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर, ठेक्यानं. ठेक्यानं म्हणजे कसं? काम कंपनीचं, टोपी कंपनीची, माणूस ठेकेदाराचा — आणि वरनं पडला तर कुणाचाच नाही! आई लहानपणीच गेलेली. तिचा चेहरा आठवत नव्हता. आवाज तेवढा आठवायचा.

कामाची जागा डोंगरमाथ्यावरची करवंदवाडी. वारा असा की बोललेलं शेजारच्या गावात ऐकू यावं. तिथं ना हॉटेल, ना टपरी. पहिल्याच दिवशी निवृत्ती उन्हात बिस्किटाचा पुडा फोडून बसलेला. पलीकडच्या दारातनं हाक आली —

"ए पावण्या! जेवलास का रं?"

मंडळी, त्याच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

हाक मारणारी हौसाबाई. एकटी बाई. तिनं त्याला सरळ आत नेलं, चुलीपुढं बसवलं. नाचणीची भाकर, कुळथाचं पिठलं. जेवून निवृत्तीनं खिशात हात घातला.

"मावशी, किती द्यायचं?"

"हात धुतलास का? मग तो खिशात कशापायी घालतोस? पावण्याकडनं पैसं घ्यायला मी काय दुकान मांडलंय?"

झालं! रोजचं ताट ठरलं. आणि हौसाबाईचं जातं फिरलं की ओवी यायची —

पावना म्हनू न्हाई, उन्हातानाचा जीव आला
घास त्याच्या मुखी गेला, माझ्या देवाला पावला

ऐकलंत? पावना आला, देव पावला. एकच शब्द, किती घरं फिरून येतो! आता तो ठेकेदाराच्या हापिसात कसा जातो ते बघा.

परगावी कामाला गेलेल्याला जेवणाचा भत्ता असतो. तो हक्काचा, त्यात पाप नाही. पण कारकून म्हणाला, "पावती?"

"साहेब, तिथं खानावळच न्हाई."

"मग काय वाऱ्यावर जगलास?"

"एका मावशीकडं जेवतो."

"मग मावशीची पावती आण. पावती नाही, भत्ता नाही. पुढचा कोण रे?"

निवृत्ती दारापर्यंत आला आणि अडला. जी बाई एक पैसा घेत नाही, तिला म्हणायचं कसं — 'पैसे घेतले असं लिहून दे'? लाज वाटली. लाज माणसाला वाईटापासून वाचवते म्हणतात. कधी कधी ढकलतेसुद्धा! त्यानं बाजारातनं एक पावतीबुक आणलं. वर लिहिलं: 'हौसाबाई खानावळ, करवंदवाडी'. खाली झोकदार सही ठोकली: 'हौसाबाई'. त्या माउलीनं जन्मात पेन धरलं नव्हतं!

भत्ता मिळाला. मिळत राहिला. गडी रोज चुलीपुढं जेवत राहिला. घास गिळायचा, बोलणंही त्याच्याबरोबर गिळायचा.

आणि काय झालं? निवृत्ती सुट्टीवर गेला. ठेकेदारानं बदली माणसं धाडली, चौघं. कारकुनानं त्यांना पत्ता दिला, "जेवणाची काळजी नको, वर चांगली खानावळ आहे!"

चौघं हौसाबाईच्या ओसरीवर मांडी घालून बसले की! "मावशी, चार ताटं! गरम भाकरी! मटण नाही का? बरं, चटणी आणा. पिठल्यात मीठ कमी आहे हो!"

म्हातारी गडबडली. पण दारात बसलेल्याला उठवायचं कसं? वाढलं बिचारीनं. ढेकर देऊन एकजण म्हणतो, "आता पावती द्या."

"कसली?"

"ती लोखंडेला रोज देता ती. खाली तुमची सही असते बघा."

मंडळी, इथं हौसाबाई काय बोलली असती? "कसली सही? लबाड मेला!" — एवढं म्हणाली असती, तर गड्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. तिनं पदरानं हात पुसले.

"पावत्या व्हय? हुत्या बाबा. उंदरांनी खाल्ल्या."

चौघांनी ताटाखाली पैसे ठेवले आणि गेले.

सुट्टी संपवून निवृत्ती वर आला. तोच वारा, तेच दार. हाक मात्र आली नाही. हौसाबाई बाहेर आली. ओसरीवर पाट मांडला. ओसरीवर! जिथं ते चौघं बसले होते तिथं. ताट ठेवलं, आणि ताटाशेजारी ते पैसे.

"तुझ्या कंपनीची माणसं आली व्हती. जेवून हे ठिवून गेली. कशाचं रं हे?"

तिला कळलं होतं की नाही, निवृत्तीला कळेना. तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. 'मला काय ठाऊक' म्हणायची सोय होती. म्हणाला असता, तर नोकरी राहिली असती, भत्ता राहिला असता, ताटही राहिलं असतं — ओसरीवर.

आता मंडळी, तुम्ही सांगा! थोड्या वेळानं इथं पंगत बसेल. सकाळपासनं धुरात डोळे चोळत कुणीतरी रांधलंय. कोण ते? नाव माहीत आहे? नाही ना! आणि घरी? रोज जिच्या हातचं जेवता, तिच्या नावावर तुम्ही काय काय उचललंय? मान, मोठेपणा, गावात 'आमच्याकडं आलेला उपाशी जात नाही' म्हणून मारलेली फुशारकी — सही तिची, वसुली तुमची! तिला कधी सांगितलंत? मान खाली घालू नका. मीही तुमच्यातलाच जेवणारा.

चला परत ओसरीवर. भाकरीची वाफ वाऱ्यानं कधीच नेली होती. निवृत्तीनं ताटाला हात लावला नाही. पैशांनाही नाही.

"मावशी, खानावळ मी काढली. तुझ्या नावाची सही मी केली, पैसं मी खाल्लं. तुला इचारायची लाज वाटली गं. काय बोलायचं ते बोल... पर मला भाईर बसवू नगंस."