रविवारी येतो, असं त्यानं लिहिलं

मी मूळची मिरजेची, लग्न होऊन दिल्लीत आले, ह्यांची सेंट्रल गव्हर्नमेंटची नोकरी, मग क्वार्टर, मग रिटायरमेंटनंतर नोएडातला हा फ्लॅट, आणि भित्री म्हणाल तर मी जन्माची भित्री. दाराची कडी लागलीय की नाही ते परत परत उठून बघते, हे म्हणतात, अगं लागलीय, बस कर यार. अशी बाई इंटरनेटवर लोकांची भांडणं सोडवते म्हटलं तर लोक हसतील, पण सोडवते. तो ऑनलाइन ज्ञानकोश असतो ना, कुणीही लिहायचं, कुणीही सुधारायचं, तिथे मी मराठीत लिहिते, आणि नवीन कुणी आलं की त्याला सांभाळते. काय होतं, नवीन माणूस हौसेनं एक वाक्य लिहितो, दुसरा ते काढून टाकतो, ह्याला वाटतं कानाखालीच मारली. मग हा परत घालतो, तो परत काढतो. मी म्हणते, थांब बाळा, आधी चहा पी, मग चर्चापानावर, म्हणजे लेखाबद्दल बोलायच्या पानावर जा आणि विचार, का काढलंत. वाद वाक्याशी आहे, माणसाशी नाही.

तर ऋतुजा. इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला भेटली, माझं ऐकून तिथे लिहायला लागली, कॉलेजात आहे, करोल बागेत वडिलांचं गलाईचं दुकान, म्हणजे सोनं-चांदी गाळायचं, आणि वरच्या मजल्यावर घर. माणसं विट्याकडची, पण पोरगी इथेच वाढलेली, मराठी शब्द अडला की वो क्या कहते हैं काकू, म्हणते. तिनं काला अंबच्या, म्हणजे पानिपतच्या लढाईच्या स्मारकाच्या लेखात लिहिलं की दिल्लीची मराठी घरं दरवर्षी तिथे बस करून जातात आणि घरून नेलेली भाकरी तिथेच बसून खातात. एकानं ते काढलं, पुरावा नाही म्हणून. ही म्हणते, पुरावा कसला, मी स्वतः जाते ना. मी सांगितलं, तू गेलीस हे खरं, पण छापलेलं काहीतरी दाखवावं लागतं, जा, त्याच्याशी नीट बोल.

आता नीट बोलणं म्हणजे काय, तर काय सांगू तुम्हाला, दिल्लीत मराठी ऐकू आलं की आपण काय करतो, गाव कुठलं, आडनाव काय, राहता कुठे, या एकदा चहाला. घरात लहानपणापासून हेच बघितलेलं, पोरीनं तेच केलं. चर्चापानावर, सगळ्या जगासमोर, नाव, गाव, गल्ली, दुकानावरचा मजला, सगळं लिहिलं, आणि खाली, या कधी घरी. त्याचं उत्तर एवढंच, पत्ता मिळाला, रविवारी येतो, समोरासमोर बोलू.

प्रचालकांना, म्हणजे तिथल्या कारभाऱ्यांना लिहून मी तो पत्ता पानावरून लपवून घेतला, पण ज्यानं वाचायचा त्यानं वाचला होता. ऋतुजाला फोन केला तर ती म्हणते, अच्छा है ना काकू, येतायत तर पोहे करू. मग मी तिला समजावलं, चेहरा माहीत नाही, खरं नाव माहीत नाही, राग किती ते माहीत नाही. तेव्हा ती म्हणाली, काकू, तुम्ही याल का.

गेले. मेट्रोत सारखं वाटत होतं, समोरचा हाच असेल का, तो मोबाईलवाला असेल का. दुकान बंद, वरती तिचे आईवडील, भट्टीवरची दोन माणसं, आणि मी. पोहे झाकून ठेवलेले. जिन्यावर पाऊल वाजलं की सगळे बोलायचे थांबायचे, ऋतुजा माझा पदर धरून बसलेली, एवढी मोठी मुलगी. एकदा पावलं अर्ध्या जिन्यापर्यंत आली, थांबली आणि परत गेली. तिचे वडील बघायला उतरले तर खाली नेहमीची बाजाराची गर्दी. कोणी आलं नाही, पोहे कोणी खाल्ले नाहीत.

सोमवारी त्यानं चर्चापानावर लिहिलं. आलो होतो, अर्ध्या जिन्यात वर बरीच माणसं बोलताना ऐकू आली, मग एकदम गप्प झाली, वाटलं मला मारायला जमवलीत, परत फिरलो. मीही इथे नवीन आहे, वाद कसा घालतात मला माहीत नाही. पुरावा मिळाला तर तुमचं वाक्य मीच परत घालीन.

वाचून मला रडू आलं, आणि तरी भीती गेली नाही, कारण लिहिणारा खरं लिहितोय की नाही हे मला कोण सांगणार. ऋतुजा म्हणाली, बेचारा, काकू, त्यालाही शिकवा. तिनं मंडळाच्या जुन्या स्मरणिकेतून बसचा आणि भाकरीचा मजकूर शोधून दिला, त्यानं वाक्य परत घातलं, बिल्कुल शब्द पाळला. आता दोघंही लिहितात, आणि अडलं की मला विचारतात.

काल त्यानं लिहिलं, काकू, तुम्ही राहता कुठे, एकदा भेटायला येतो. साधंच विचारलं असेल, आपल्यात विचारतातच. मी लिहिलं, सुखी राहा बाळा, लिहीत राहा. पत्त्याचं काही लिहिलं नाही, आणि उठून कडी बघून आले.