शेवटची अकरा पानं

— नाही हो, बसा की. सर दुपारचे तासभर आडवे होतात, उठतीलच आता. आणि बक्षिसाची बातमी म्हणता ना, ती काय पळून जातेय? कुलपांच्या इतिहासाला बक्षीस! सहाशे पानं, नुसती कुलपं — मी लग्न केलं ते माणूस बघून, घरात बघते तर किल्ल्याच किल्ल्या. काय म्हणालात? परीक्षकांना उपसंहार सगळ्यात आवडला? अस्सं... एवढं पुस्तक सोडून उपसंहारच?

तो शब्द — खरं सांगू? मला वाटायचं, संहार म्हणजे मोठी कत्तल, तर उपसंहार म्हणजे धाकटी. सभापती-उपसभापती असतात ना, तसं. सर इतके हसले, चष्मा काढून डोळे पुसले. मग समजावलं — 'हृ' म्हणजे नेणं, आणणं. 'सम्' म्हणजे एकत्र. 'उप' म्हणजे जवळ. पसरलेलं सगळं गोळा करून जवळ आणायचं, तो उपसंहार. सोडलेलं अस्त्र माघारी बोलावतात, त्यालाही हाच शब्द म्हणे. मी म्हटलं, अहो म्हणजे पसारा आवरणंच की! तीस वर्षं मी दुसरं काय करतेय? तर म्हणाले, तितकं सोपं नसतं ते.

नव्हतंच सोपं. सहा वर्षं झालंच नाही त्यांच्याच्यानं — म्हणजे, वेळ लागला असं म्हणायचंय मला. बाकी पुस्तक तयार, आणि शेवटचं प्रकरण काही उतरेना. लिहायचे, फाडायचे. का, माहितीये? हे संपलं तर उद्या सकाळी उठून करायचं काय, ही धास्ती. बोलले नाहीत कधी, पण मला कळत नाही होय? त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, डोळ्याला पट्टी, आणि छापखानेवाल्याचा फोन — वहिनी, सोमवारी मजकूर द्या, नाहीतर पुस्तक बिनशेपटाचं काढतो. मग काय, बसले जेवणाच्या टेबलाशी. म्हणजे — ते सांगत होते, मी उतरवून घेत होते. पट्टी डोळ्याला होती, तोंडाला नव्हती. सांगत होते. थोडं थोडं... जाऊ दे, खोटं कशाला बोलू, घोरत होते.

अकरा पानं, दोन दुपारी. कुणाला संशय नको म्हणून दर पानावर एक 'किंबहुना' टाकला, आणि 'तद्वतच' दोनदा. बाकी आपलं सुचलं ते. चोर काय, कुलूप तोडतोच. कुलूप लावणारा लावतो ते आपण परत येणार म्हणून — हो हो, तेच वाक्य. मानपत्रावर घेतलंत? अगंबाई! अहो, ते तर मला दाराचं कुलूप दोनदा ओढून बघताना सुचलं.

काय? समारंभात उपसंहार वाचून दाखवायचा? नको, नको! मी त्यांना सांगितलंय, तुमच्याच फाडलेल्या कागदांतून जुळवून दिलं म्हणून. आणि छापलेलं पुस्तक त्यांनी उघडलेलं नाही — उघडलं की पहिली चूकच दिसते म्हणतात, म्हणून कपाटावर ठेवलंय. आता स्टेजवर, माईकसमोर, पहिल्यांदा वाचतील आणि तिथंच कळेल... दोनशे माणसांपुढं! भोळा माणूस हो. हे बघा, तुम्ही समजूतदार दिसता. पितळी कुलपांवरचं प्रकरण वाचायला लावा. लांबलचक आहे, पण लोक पेंगतील तेवढंच. सरांना फक्त ह्यातलं काही बोलू नका.

बोलणं झालंय? सरांशी? कधी?... काल, फोनवर. मग आज मुद्दाम कशाला आलात?

काय म्हणाले?

'उपसंहार माझा नाही, जिनं लिहिलाय तिलाच वाचायला सांगा'... पुस्तक आल्या दिवशीच वाचलं?... आणि 'दुपारी मी झोपल्याचं सोंग घेतो, तेव्हा या'?

म्हणजे आत्ता ते जागे आहेत. सगळं ऐकतायत.

नाही, काही नाही. तुम्ही निघा बरं आता. दार नुसतं ओढून घ्या — मला आत जायचंय.